मेहेरबानी आणि मसलत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)





संस्थेच्या चालकांनी मला विषय दिला तो 'नोकरीतील वागणूक' हा. विषय मोठा आहे, म्हणून त्याच्या एकाच बाजूबद्दल मी आज बोलणार आहे. नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे आज पुष्कळ आहेत. नोकरी मिळाल्यावर तेथे कसे नांदावे हे सांगणारे थोडे. त्यातही वाईट मालक ओळखायला शाळा लागत नाही. शिवी देणारा मुकादम, पगार अडकवून ठेवणारा ठेकेदार, सुटी मागितली की डोळे वटारणारा साहेब यांच्याशी कसे वागावे, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने शिकवले आहे. अवघड प्रश्न आहे तो चांगल्या मालकाचा.

आपल्या संस्थेतून शिकून बाहेर पडणारी मुले-मुली आज पुण्या-मुंबईच्या, बंगळूरच्या आणि आखाताच्याही मोठमोठ्या कंपन्यांत जातात. त्यांतील पुष्कळ कंपन्यांतील वातावरण खरोखरच आपुलकीचे असते. साहेब म्हणतात, "मला सर म्हणू नका, नावाने हाक मारा." वाढदिवसाला केक कापला जातो. रमजानात इफ्तारसाठी कँटीनमध्ये खजूर आणि फळे ठेवली जातात. अम्मी आजारी असल्याचे कळले तर साहेब स्वतः फोन करून विचारपूस करतात. मुलगा घरी येऊन सांगतो, "अब्बा, फार भली माणसे आहेत." आणि ते खरेच असते. त्यात ढोंग असते असे मी म्हणत नाही.

पण सहा महिने, वर्ष उलटले की त्याच मुलाच्या बोलण्यात दुसरा सूर ऐकू येऊ लागतो. कोणते काम करायचे, ते कसे करायचे, किती दिवसांत करायचे, हे सारे वरून ठरून येते. त्याच्यावर टीम लीडर, त्यावर मॅनेजर, त्यावर सीनियर मॅनेजर, त्यावर डायरेक्टर. काम करणारे हात चार आणि त्या कामाचा अहवाल मागणारे सहा. दर आठवड्याला मीटिंग होते, त्यात सर्वांना हसतमुखाने विचारले जाते, "कोणाला काही सांगायचे आहे?" मात्र निर्णय आदल्या दिवशीच झालेला असतो. कोणी वेगळे बोललाच तर त्याला कोणी रागावत नाही. "छान मुद्दा आहे," असे म्हणतात आणि पुढचा विषय घेतात.

अशा ठिकाणी आपली मुले दोनपैकी एक चूक करतात. काही जण त्या गोड वागणुकीलाच निर्णयातला वाटा समजून बसतात. साहेब नावाने हाक मारू देतात, म्हणजे आपला शब्द त्यांच्या शब्दाइतकाच वजनदार, असे त्यांना वाटते. एके दिवशी तो भ्रम फुटतो, मन खट्टू होते आणि रागाच्या भरात राजीनामा लिहिला जातो. दुसरे काही जण, आणि आपल्यात यांचीच संख्या मोठी, कृतज्ञतेच्या ओझ्याखाली गप्प होतात. "इतके चांगले वागवतात, आणखी काय बोलायचे?" असे म्हणून ते डोळ्यांसमोर चाललेली चूकही पाहत राहतात.

मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच की मेहेरबानी ही एक गोष्ट आहे आणि मसलत ही दुसरी. मेहेरबानी वरून खाली येते. ती आभार मानून घ्यावी. मसलत म्हणजे ज्याला काम कळते त्याला विचारणे, आणि त्यानेही विचारण्याची वाट न पाहता वेळीच सांगणे. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरीवरचा आपला हक्क संपतही नाही.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्याच देशातील एक मोठे उदाहरण पाहा. टाटांचा पोलाद कारखाना १९०७ साली स्थापन झाला आणि १९१२ साली साकचीला, म्हणजे पुढच्या जमशेदपूरला, पोलाद तयार होऊ लागले. त्याच वर्षी कंपनीने कामाचा दिवस आठ तासांचा केला. हिंदुस्थानात असा नियम सर्व कारखान्यांना कायद्याने लागू व्हायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. १९१५ साली मोफत औषधोपचार सुरू झाले. १९२० साली भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड आले. प्रॉव्हिडंट फंडाचा देशव्यापी कायदा १९५२ चा आहे. १९२८ साली बाळंतपणाची सवलत आली. शाळा, इस्पितळ, रस्ते, पाणी, सारे कंपनीने उभे केले. त्या काळात कामगाराला याहून बरा मालक मिळणे कठीण होते.

असे असूनही १९२० साली तेथे संप झाला. १९२२ साली पुन्हा झाला. १९२८ साली तर कामगार कमी करण्याच्या प्रश्नावरून मोठा झगडा पेटला आणि महिनेच्या महिने चालला. सुभाषचंद्र बोस यांना मध्ये पडावे लागले, तेव्हा सप्टेंबरात समझोता झाला.

कोणी म्हणेल, कामगार कृतघ्न होते. मला तसे वाटत नाही. पगाराचा प्रश्न होता, महागाईचा होता, नोकरी जाण्याचा होता. पण या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. ज्यांच्या आयुष्याबद्दल निर्णय होत होते त्यांना ते निर्णय झाल्यावर कळत होते. कामगारांची संघटना १९२० साली निघाली, पण तिला कंपनीची मान्यता मिळायला १९२५ साल आले. त्यासाठी महात्मा गांधी जमशेदपूरला गेले होते. दवाखाना बांधून देणाऱ्या मालकालाही 'तुमच्याशी बरोबरीने बसून बोलतो' हे म्हणणे किती जड जाते, ते या पाच वर्षांवरून दिसते.

या इतिहासातील एक नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे. प्रोफेसर अब्दुल बारी. हे बिहारचे राहणारे, पेशाने प्राध्यापक, स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते आणि पुढे बिहार प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष. १९३७ साली जमशेदपूरच्या त्या जुन्या संघटनेचे 'टाटा वर्कर्स युनियन' झाले. तिचे नेतृत्व बारीसाहेबांनी केले. २८ मार्च १९४७ रोजी पाटण्याजवळ गोळी लागून त्यांचा अंत झाला. जमशेदपुरात त्यांच्या नावाचे मैदान आजही आहे. सर्व धर्मांच्या, अनेक भाषांच्या हजारो कामगारांनी एका मुसलमान प्राध्यापकाला आपला आवाज मानले, ही गोष्ट लहान नव्हे. आपल्या समाजाचा माणूस नोकरीच्या ठिकाणी केवळ आपल्या लोकांसाठी नव्हे तर सर्वांसाठी बोलू शकतो, याचा हा दाखला आहे.

अखेर १९५६ साली कंपनी आणि युनियन यांच्यात करार झाला. त्यात कामगारांचा कारभाराशी अधिक जवळून संबंध यावा हे तत्त्व लिहून मान्य केले गेले, आणि त्यानुसार प्रत्येक विभागात, मग सबंध कारखान्यात आणि त्याहून वर अशा तीन पायऱ्यांवर संयुक्त समित्या निघाल्या. या समित्या सल्ला देणाऱ्या होत्या, हुकूम देणाऱ्या नव्हत्या. तरीही आठ तासांच्या दिवसापासून या करारापर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली हे ध्यानात घ्या. मेहेरबानी पहिल्याच वर्षी आली होती. मसलतीला चव्वेचाळीस वर्षे लागली.

आता कोणी विचारील, वरचे साहेब हुशार आहेत, अनुभवी आहेत, मनाने चांगले आहेत. मग त्यांनीच ठरवले तर बिघडते कोठे? ते असे बिघडते. कारागीर म्हणतो, "हे होणार नाही." त्याचा साहेब वर सांगतो, "थोडी अडचण आहे." त्याच्यावरचा सांगतो, "काम चालू आहे." आणि सर्वांत वर पोचते ते, "सर्व ठीक आहे." यात कोणी मुद्दाम खोटे बोललेला नसतो. प्रत्येकाने फक्त शब्द जरा मऊ केलेले असतात. पायऱ्या जितक्या अधिक तितके शब्द मऊ, आणि वातावरण जितके गोड तितकी ते कडू करण्याची प्रत्येकाला भीती.

याची किंमत कधी कधी माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सात जण मृत्युमुखी पडले. यानाच्या अग्निबाणाच्या सांध्यात रबराची कडी होती. कडाक्याच्या थंडीत ती कडक होऊन सांधा नीट बंद होणार नाही, ही भीती अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनियरांना होती. त्यांतील रॉजर बॉयजोली यांनी सहा महिने आधी, जुलै १९८५ मध्ये, तसा लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री टेलिफोनवर लांबलचक बैठक झाली. इंजिनियरांनी 'उद्या उडवू नका' असे सांगितले. अंतराळ संस्थेच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दाखवताच कंपनीच्या लोकांनी आपसांत बोलायला थोडा वेळ मागून घेतला. त्या वेळातही इंजिनियर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. परंतु शेवटी मत घेतले गेले ते फक्त चार वरिष्ठ व्यवस्थापकांचे, आणि कंपनीने उड्डाणाला संमती कळवली. पुढे चौकशी आयोगाने निर्णय घेण्याची ही पद्धतच सदोष असल्याचा ठपका ठेवला.

मित्रहो, त्या इंजिनियरांना कोणी खोलीबाहेर काढले नव्हते. त्यांना बोलू दिले होते. पण बोलू देणे आणि विचारात घेणे यांत जो फरक आहे त्यात सात माणसे गेली.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही देतो, आणि ते आपल्या भिवंडी-मालेगावच्या मंडळींना चटकन समजेल. साध्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला आणि कारागिराचे लक्ष नसले तर माग चालतच राहतो आणि कापडात लांबच लांब रेघ पडते. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या मुलाने धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. त्याचा १९२४ सालचा माग इतका नावाजला की १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या जुन्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. त्याच घराण्याने १९३७ साली टोयोटा ही मोटारींची कंपनी काढली आणि मागातले तत्त्व पुढे माणसांना लावले. मोटारी जुळवण्याच्या रांगेवर एक दोरी बांधलेली असते. कोणाही कामगाराला काही चुकते आहे असे वाटले तर त्याने ती ओढावी. दिवा लागतो, वरचा माणूस धावत येतो, आणि प्रश्न सुटला नाही तर सारी रांग थांबते. टोयोटा ही काही गावची पंचायत नव्हे. तेथेही हुकूम वरूनच येतो, वडीलधाऱ्यांचा मान तेथेही कडक आहे. पण चूक दिसली तर सांगणे हा तेथे कामाचाच भाग आहे.

तुमच्या कंपनीत अशी दोरी असेलच असे नाही. नसेल तर ती आपल्या वागणुकीतून आपणच तयार करावी लागते. ती कशी करावी हे सांगण्याआधी आपल्या घरातील एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे.

आपण मुलांना अदब शिकवतो. बड्यांसमोर आवाज चढवू नये, मजलिसमध्ये मध्येच बोलू नये, उस्तादांचा मान राखावा. ही शिकवण सोन्यासारखी आहे. पण अदब म्हणजे मौन असे आपण केव्हा ठरवले? कुरआन शरीफातील ४२ व्या सूरेचे नावच 'अश्-शूरा', म्हणजे मसलत, असे आहे. आपण बोलतो तो 'मशविरा' हा शब्दही त्याच मुळापासून आलेला आहे. ईमान राखणाऱ्यांचे व्यवहार आपसांतील मसलतीने चालतात, अशी त्यांची ओळख तेथे दिलेली आहे.

हिजरी २, म्हणजे इसवी सन ६२४, मधील बद्रची हकिकत आपण वअझमध्ये ऐकली असेल. रसूलुल्लाह (स.) यांनी एके ठिकाणी तळ दिला. हजरत हुबाब बिन मुन्जिर (र.) यांनी आधी विचारले की ही जागा अल्लाहच्या हुकमाने ठरली आहे की ही लढाईतील मसलतीची बाब आहे. मसलतीची बाब आहे असे उत्तर मिळाल्यावरच त्यांनी पुढे जाऊन पाण्याजवळ तळ द्यावा असे सुचवले, त्याचे कारणही सांगितले, आणि ती सूचना मानली गेली. हिजरी ५ मध्ये मदीनेच्या रक्षणासाठी खंदक खणण्याची कल्पना हजरत सलमान फारसी (र.) यांची होती. ते परमुलखातून आलेले, कोणत्याही बलाढ्य कबिल्याचे पाठबळ नसलेले. तरी त्यांचे ऐकले गेले.

हजरत हुबाब यांच्या बोलण्याची रीत पाहा. त्यांनी प्रथम विचारले की येथे बोलायला जागा आहे काय. जागा आहे असे कळल्यावर ते गप्प राहिले नाहीत. केवळ 'हे चूक आहे' असे न म्हणता दुसरी जागा दाखवली आणि कारण दिले. आणि हे सारे वेळ असताना केले, लढाई संपल्यावर नव्हे. माझ्या मते नोकरीतील मसलतीचा सारा धडा यात आहे. यालाच मी अदब म्हणतो.

आपल्या मुलांच्या मौनाला आणखी एक कारण आहे, आणि ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. मोठ्या कंपनीत आपला मुलगा पुष्कळदा आपल्या समाजाचा एकटाच असतो. त्याला वाटते, आपण काही बोललो तर ते एका माणसाचे बोलणे धरले जाणार नाही. सबंध समाजाच्या नावावर जमा होईल. म्हणून तो दुप्पट काम करतो आणि निम्मे बोलतो. इफ्तारची व्यवस्था केली म्हणून साहेबांचे उपकार मानतो आणि आपल्या बढतीबद्दल विचारणेही त्याला उद्धटपणा वाटतो. मला या मुलांना सांगायचे आहे की खजुरांबद्दल मनापासून शुक्रिया म्हणा. पण बढतीचा हिशेब कामाचा आहे, खजुरांचा नव्हे. आणि जो माणूस नेहमी मान डोलावतो त्याचे नाव जबाबदारीची जागा भरताना कोणाला आठवत नाही, कारण त्याला काय वाटते हेच कोणाला ठाऊक नसते. मौनाने आपण सुरक्षित राहतो असे वाटते. पुष्कळदा आपण फक्त नजरेआड राहतो.

आता विद्यार्थी मित्रांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. नेमणुकीचे पत्र पूर्ण वाचा. गोड बोलणे हे पत्रात नसते. पत्रात असते ते पद, पगार, रजा, नोटिशीची मुदत आणि बदलीची अट. तोंडी सांगितलेली महत्त्वाची गोष्ट असेल तर, "आपण काल असे म्हणालात, माझी समजूत बरोबर आहे ना?" असे दोन ओळींचे ईमेल नम्रपणे पाठवा. यात अविश्वास नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा ही तर आपल्या दीनचीच शिकवण आहे.

दुसरी गोष्ट. कोणता निर्णय कोण घेतो ते पहिल्या काही महिन्यांत समजून घ्या. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. प्रत्येक कामात साहेबांना सरळ विचारावे, "हे ठरलेले आहे की अजून सुचवता येईल?" ठरलेले असेल तर काम नीट करा. सुचवता येत असेल तर मीटिंगच्या आधी सांगा. भरल्या बैठकीत साहेबांना अडचणीत आणणारा मुद्दा बरोबर असला तरी हरतो. तोच मुद्दा आदल्या दिवशी एका कागदावर, आकड्यांसह आणि पर्यायासह दिला तर साहेब तो आपला म्हणून मांडतात. श्रेय त्यांना गेले तरी काम सुधारते, आणि असे दोन-तीनदा झाले की ते स्वतः तुम्हाला विचारू लागतात. कोठे माणसांच्या जिवाला, ग्राहकाच्या पैशाला किंवा हिशेबाच्या खरेपणाला धोका दिसला, तर मात्र ते ठरलेले असो की नसो, लिहून कळवलेच पाहिजे. बॉयजोली यांच्या लेखी इशाऱ्याने ते यान वाचले नाही, पण चौकशीच्या वेळी सत्य काय ते जगाला कळले. आपण पगार घेतो तो अमानत आहे, आणि दिसलेली चूक झाकणे हे अमानतीत बसत नाही.

तिसरी गोष्ट. कायदा काय देतो ते माहीत असू द्या. आपल्या घटनेत १९७६ साली ४३-अ हे कलम घालण्यात आले. उद्योगांच्या कारभारात कामगारांचा सहभाग असावा यासाठी राज्याने पावले उचलावीत, असे ते सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची समिती नेमण्याची सोय केली, आणि त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत असे म्हटले. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही समिती आहे, शिवाय वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समितीही आहे. व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला हे नियम लागू होत नाहीत, म्हणून आपण 'कामगार' या व्याख्येत बसतो की नाही ते विचारून घ्यावे. आपल्या मुलींनी विशेष ध्यानात ठेवावे की दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी, २०१३ च्या कायद्याप्रमाणे, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी महिला अध्यक्ष असलेली समिती असलीच पाहिजे, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. "ऑफिसचे वातावरण घरच्यासारखे आहे," हे त्या समितीला पर्यायी उत्तर नव्हे. जे आखातात जाणार आहेत त्यांनी तेथील कायदा निघण्यापूर्वी समजून घ्यावा. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटनांना परवानगी नाही.

चौथी गोष्ट पैशाची. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचे पीठ नाही त्याला साहेबांसमोर सत्य बोलणे फार अवघड जाते. म्हणून पहिल्या पगारापासून थोडे थोडे बाजूला टाकून सहा महिन्यांचा खर्च जमवा. गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता आणि थाटाच्या शादीचे कर्ज माणसाची जबान बांधून टाकतात. शिल्लक असलेला माणूस आवाज न चढवता बोलू शकतो, आणि सोडून जायचे झालेच तर रागाने न जाता नोटिशीची मुदत पुरी करून, काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून, दुआ देत-घेत जातो.

एक इशाराही देऊन ठेवतो. आपले म्हणणे मांडले आणि ते मानले गेले नाही, असे वारंवार होईल. तेव्हा कँटीनमध्ये बसून साहेबांची निंदा करणे, ही मसलत नव्हे, ती गीबत आहे. वरच्या माणसाला आपल्याला न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसतात हेही खरे. सांगितले, ऐकले गेले नाही, आणि त्यात अन्याय किंवा धोका नाही, तर ठरलेले काम मन लावून करावे. पुढच्या वेळी पुन्हा सांगावे. सांगण्याचा कंटाळा करू नये.

पालकांना आता दोन शब्द. मुलाने फोनवर नोकरीची कुरकूर सांगितली की आपण घाईने एकतर म्हणतो, "गप्प बस बेटा, रोजी मोठी असते," किंवा म्हणतो, "सोडून दे, दुसरी मिळेल." दोन्ही उत्तरे त्याला एकटे पाडतात. त्याऐवजी विचारा, "तू हे कोणाला सांगितलेस? कसे सांगितलेस? लिहून दिलेस का?" एवढ्या तीन प्रश्नांनी त्याचे निम्मे दुःख हलके होईल आणि राहिलेल्या निम्म्याला वाट सापडेल.

आणि हे शिक्षण नोकरी लागल्यावर सुरू होत नाही. घर हीदेखील एक कंपनीच आहे, आपुलकीची आणि वरून हुकूम येणारी. आपण मुलांना चांगले खाऊ घालतो, चांगले कपडे घेतो, त्यांच्यासाठी रात्रीचा दिवस करतो. पण मुलीने कोणत्या शाखेला जावे हे ठरवताना तिला विचारतो का? घर बदलताना, कर्ज काढताना, मोठ्या भावाचे लग्न ठरवताना दस्तरखानावर बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचे मत विचारतो का? त्याचे मत मानलेच पाहिजे असे नाही. परंतु ते ऐकून घ्यावे, आणि मानले नाही तर का मानले नाही ते सांगावे. ज्या मुलाने घरी अब्बांसमोर अदबीने 'मला वेगळे वाटते' असे म्हणून पाहिलेले आहे, त्याला उद्या डायरेक्टरसमोर तेच म्हणताना घाम फुटणार नाही. आपल्या शाळांतही विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना केवळ झेंडावंदनाच्या रांगा लावण्यापुरते न ठेवता, वर्षातून दोनदा तरी चालकांसमोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकावे, अशी माझी या संस्थेला नम्र सूचना आहे. तीही मसलतच आहे.

आपल्या मुला-मुलींना दयाळू साहेब लाभोत, हलाल रोजी मिळो, आणि खरे ते वेळेवर आणि नम्रपणे सांगण्याची हिंमत अल्लाह त्यांना देवो, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो. 

खुदा हाफिज. जय हिंद.